उत्पन्नाचा रकाना

ईलिंग, लंडन,
९ नोव्हेंबर २०२५

चि. राजू,

तुझं पत्र मंगळवारी आलं. ह्यूस्टनहून इथे यायला अकरा दिवस लागले, म्हणजे विमानाने आलं की पोहत, कोण जाणे. अक्षया आज मेडनहेडहून आली होती. टेबलावरचं पाकीट बघून म्हणाली, "आई, मामा व्हॉट्सॲप का नाही करत? इट्स सो मच ईझिअर." तिला काय सांगायचं. तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी सुचेता. बहीण-भावाचं बोलणं पत्रातच बरं.

तुझ्या त्या मित्राची गोष्ट दोनदा वाचली. ऑगस्टमध्ये नोकरी गेली, नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला. आता सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःचा विमा स्वतः निवडायचा, आणि उत्पन्न कमी आहे असं लिहून दिलं तर हप्त्याचा मोठा भाग सरकार भरणार. तो लाजतो आहे आणि तू मला विचारतोस, त्याने मदत घ्यावी का.

लाजतो आहे हे त्याच्या घराण्याला शोभतं, एवढंच मी म्हणेन. हातीपायी धड माणूस, तीस वर्षं तिथे पगार घेतला, आणि तीन महिने अडचण आली की सरकारपुढे पदर पसरायचा? तुला मिरजेचं आठवत असेल. शाळेने फी माफीचा इबीसीचा फॉर्म घरी पाठवला होता. अण्णांनी उत्पन्नाच्या रकान्याकडे एकदा पाहिलं आणि हेडमास्तरांसमोर तो टराटरा फाडला. त्यांच्या कारकुनाच्या पगारात आपण दोघं शिकलोच ना. तुझ्या मित्राला ही गोष्ट सांग.

तू म्हणशील, तुमच्याकडे तर सगळं फुकट. पण एनएचएसचं, म्हणजे सरकारी दवाखान्यांचं, वेगळं आहे. ते राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना सारखं. तिथे कुणी "मी गरीब आहे" असं लिहून देत नाही. इथल्या मराठी मंडळात एक बाई आहे, कौन्सिलकडून काय काय सरकारी मदत उकळत असते. दिवाळी फराळाच्या दिवशी तिच्याबद्दल जे बोलणं झालं ते ऐकून मलाच कानकोंडं झालं. मीही दोन वाक्यं टाकली म्हणा.

तुझी शुगर कशी आहे? डोळ्यांतली इंजेक्शनं चालू आहेत ना? आपल्या घराण्याने आपल्याला दुसरं काही दिलं नाही, मधुमेह मात्र दोघांना सारखा वाटून दिला. या महिन्यात दर गुरुवारी मी क्रॉयडनला मैत्रिणीकडे असते, तेव्हा फोन करू नकोस.

सुचेताला आशीर्वाद.

तुझी ताई


ह्यूस्टन,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,

तुझं पत्र मी मित्राला वाचून दाखवलं. अण्णांची गोष्ट त्याने पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "तुझी ताई बरोबर बोलते."

गेल्या शनिवारी तो लायब्ररीत गेला होता. आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, अवाढव्य आहे, त्यामुळे असे फॉर्म भरून द्यायला जागोजागी माणसं बसवलेली असतात. आता नशीब बघ, टेबलामागे नेमकी ईशिता. मंडळातल्या जोशांची मुलगी. हिच्या बारशाला गेलेलो, म्हणजे तो गेलेला. तिने उठून खुर्ची दिली, पाणी आणलं आणि फॉर्म उघडला. उत्पन्नाच्या रकान्याशी आल्यावर विचारलं, "काका, पुढच्या वर्षीचं इनकम अंदाजे किती टाकू?"

तो आता एका गोदामात खोकी मोजतो, दिवसातून पाच तास. तेवढाच आकडा सांगायचा होता. पण समोर ती पोर, उद्या घरी जाऊन आईशी बोलणार. त्याने जुना पगार सांगितला. ऑगस्टपर्यंत होता तो, पूर्ण. ईशिता थोडी थांबली, म्हणाली, "शुअर, काका?" तो म्हणाला, "शुअर." सरकारी मदत आली शून्य.

पूर्ण हप्ता स्वतः भरायचा म्हटल्यावर सगळ्यांत स्वस्त विमा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जानेवारीपासून सुरू होईल. स्वस्त म्हणजे असा, की वर्षाचा पहिला सुमारे आठ-नऊ हजार डॉलरचा दवाखाना आपल्या खिशातून, त्यानंतर कंपनी हात लावणार. म्हणजे विमा आहे असं म्हणायचं आणि आजारी पडायचं नाही. पण चारचौघांत मान खाली गेली नाही, याचं त्याला समाधान आहे.

माझं ठीक चाललंय. इंजेक्शनं काय, चालूच असतात. ऑफिसात काम फार आहे.

तुझा,
राजू


ईलिंग,
७ डिसेंबर २०२५

चि. राजू,

तुझं पत्र वाचायला मला भिंग घ्यावं लागलं नाही. केवढाली अक्षरं काढलीस रे, आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. इंजिनियर झालास पण कीबोर्ड बडवून बडवून हात गेला तुझा. अण्णांनी पाहिलं असतं तर शुद्धलेखनाची दहा पानं दिली असती.

तुझ्या मित्राने ताठ मान ठेवली हे ऐकून बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही. गोदामात खोकी मोजायची वेळ आली तरी त्या पोरीसमोर उघडा पडला नाही. असं माणूस मला आवडतं.

पण तुला एक सांगते, राग मानू नकोस. त्याला फार जवळ करू नकोस. दोन पत्रं झाली, तू त्याच्याशिवाय दुसरं काही लिहीत नाहीस. अशी माणसं आज सल्ला मागतात आणि उद्या गळ्यात पडतात. तू आधीच मऊ. सुचेताला विचार, ती माझ्याच बाजूने बोलेल.

इथे चार वाजता अंधार पडतो. शाळेला ख्रिसमसची सुट्टी लागेल, मग मला जरा उसंत. पुढच्या पत्रात तुझ्या ऑफिसचं, घराचं काही लिही. मित्रपुराण पुरे झालं.

तुझी ताई


ह्यूस्टन,
२८ डिसेंबर २०२५

ती. वैजयंतीताई,
सा. न.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. हे पोस्टाने वेळेवर पोचणार नाही, म्हणून फोटो काढून पाठवते आहे. फोनवर बोलले असते, पण मी घरी असते तेव्हा हेही घरातच असतात आणि मला बोलताना रडू येईल.

ताई, तो मित्र म्हणजे हेच आहेत.

नोकरी गेल्याचं मला माहीत होतं. तुम्हाला ते कळवतील असं वाटलं होतं. विम्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "आपण मदतीत बसत नाही." मी विश्वास ठेवला. परवा कपाट आवरताना विम्याचं सरकारी पत्र सापडलं. उत्पन्नाच्या जागी त्यांचा जुना पगार लिहिलेला. आमच्या दोघांचं मिळून आता त्याचा तिसरा हिस्साही येत नाही. मी एका दुकानात गल्ल्यावर बसते, तेही मंडळात कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरपासून त्यांनी डोळ्यांतलं एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. एकेकाला दोन हजार डॉलरच्या आसपास लागतात. नव्या विम्यातही ते आपल्याच खिशातून, म्हणून जानेवारीतही घेणार नाहीत. डाव्या डोळ्याने त्यांना माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसतो. गेल्या आठवड्यात त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली. तुम्ही अक्षराची थट्टा केलीत ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. ते हसले, आणि मग उठून बाथरूममध्ये गेले.

फॉर्म दुरुस्त करायची शेवटची तारीख पंधरा जानेवारी आहे. खरा आकडा टाकला तर पुष्कळ मदत मिळते, चांगला विमा घेता येतो, मी चौकशी केली. पण मी काही बोलले की ते तुमचं पहिलं पत्र काढतात. पाकिटात घालून जवळच ठेवलंय. म्हणतात, "अण्णांनी फाडला, मी भरू?"

ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही एकदा सांगा. मी लिहिलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

तुमची,
सुचेता


ईलिंग,
५ जानेवारी २०२६

राजू,

हे पत्र मीही फोटो काढूनच पाठवते आहे. सुचेताकडून वाचून घे. सगळं, एक ओळ न गाळता. तिने मला कळवलं, तुला सांगू नका म्हणाली होती, मी सांगते आहे. तिच्यावर रागवायचं नाही. या घरात शहाणी तीच निघाली.

तिचं पत्र येऊन आठवडा झाला. आठ दिवस मी काय केलं हे तुला कळलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी मला ठाऊक होतं की तुला काय लिहायचं. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. कारण ते लिहायचं तर माझंही लिहावं लागणार होतं. तुझ्या डोळ्यांपेक्षा मला माझी अब्रू आठ दिवस मोठी वाटली. हे खरं आहे.

क्रॉयडनला माझी कोणी मैत्रीण नाही. तिथे माझा दाताचा डॉक्टर आहे.

तुझे भावोजी गेले त्याबरोबर त्यांच्या ऑफिसचा प्रायव्हेट विमाही गेला. त्याची मी कोण फुशारकी मारायचे, तुला आठवत असेल. मग राहिली माझी शाळेतली नोकरी. मी शाळेत आहे हे खरं, पण वर्गात नाही, किचनमध्ये आहे. दुपारचं जेवण वाढते आणि ताटं धुते. आठवड्याला सोळा तास. इथे पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी, त्याला अजून पाच वर्षं आहेत. मागच्या वर्षी समोरचे तीन दात गेले. एनएचएसमध्ये दवाखाना फुकट असतो पण दात फुकट नसतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल, मीही नाही सांगितलं. मी पाच महिने तोंडावर हात धरून हसले. मंडळात सांगितलं, खोकला आहे.

इथे कमी उत्पन्नवाल्यांसाठी एक फॉर्म असतो. घरात कोण, बँकेत किती, आठवड्याला किती मिळतात, सगळं लिहून द्यायचं. मान्य झालं की सर्टिफिकेट येतं, ते दाखवलं की दात, चष्मा, सगळ्याचा खर्च सरकारचा. ईलिंगच्या दवाखान्यात रिसेप्शनला आपली मराठी मुलगी आहे. तिच्यासमोर ते सर्टिफिकेट काढायचं या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. म्हणून दोन गाड्या बदलून आणि पुढे ट्रामने मी क्रॉयडन गाठलं, जिथे मला कुत्रं ओळखत नाही. तिथल्या सल्ला केंद्रातल्या बाईने माझ्याशेजारी बसून फॉर्म भरला. मी खरा आकडा सांगितला, कारण ती परकी होती. तू खोटा सांगितलास, कारण ती आपली होती. आपल्या दोघांत फरक असलाच तर तेवढाच.

तुला "पदर पसरायचा?" असं लिहिलं, तेव्हा ते सर्टिफिकेट माझ्या पर्समध्ये होतं. कौन्सिलकडून उकळते म्हणून जिच्यावर मी दोन वाक्यं टाकली, तिच्यात आणि माझ्यात काडीचा फरक नाही. उलट ती खोटं बोलत नाही. तुझ्या मित्राबद्दल मी लिहिलं, अशी माणसं गळ्यात पडतात. राजू, मी ते तुला लिहिलं. माझ्या सख्ख्या भावाला, ज्याला अक्षर दिसत नव्हतं, आणि वर त्याच्या अक्षराला हसले.

आता शेवटचं. हे मी सेहेचाळीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णांनी तो फॉर्म फाडला हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना त्यांनी मला दाराबाहेर गाठलं. म्हणाले, "ऑफिसातून दुसरा फॉर्म मागून आण. तिथल्या कारकुनाला सांग, पहिल्यावर शाई सांडली. राजूला बोलू नकोस." मी आणला. त्यांनी माझ्यासमोर भरला, उत्पन्नाच्या रकान्यात खरा पगार लिहिला आणि खाली सही केली. तू दहावी झालास तोपर्यंत दरवर्षी ते असंच भरत आले. तुझी फी माफ होती, राजू. माझीही होती. मी तुला फाडल्याचं सांगितलं आणि भरल्याचं गाळलं, कारण अण्णांनी बोलू नकोस म्हटलं होतं. ते जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर गाळत राहिले ती माझ्या हौसेने. चारचौघांत सांगायला ती गोष्ट फार छान होती.

ते माझं पत्र पाकिटातून काढ आणि फाड. पंधरा तारखेच्या आत दुसऱ्या कुठल्या तरी लायब्ररीत जा, जिथे तुला कोणी ओळखत नाही. खरा आकडा सांग. तुझ्या पाया पडते.

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फॉर्म भरलास एवढं सुचेताला कळवायला सांग.

ताई


ह्यूस्टन,
१८ जानेवारी २०२६

ती. ताई,

अक्षर सुचेताचं आहे, बोलतो आहे मी. डॉक्टरांनी लिहू-वाचू नका म्हटलंय. एक बरं झालं, आता काही लपवून लिहिता यायचं नाही.

तुझं पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी अर्ध्यावरून उठून गेलो. दुसऱ्यांदा मीच म्हटलं, पुन्हा वाच.

बारा तारखेला आम्ही काउंटीच्या दुसऱ्या टोकाच्या लायब्ररीत गेलो. गाडी सुचेताने चालवली. टेबलामागे एक मेक्सिकन बाई होती, माझ्याहून वयाने मोठी, गळ्यात चष्मा. तिने उत्पन्न विचारलं. मी गोदामाचा आकडा सांगितला, सुचेताचा सांगितला. एवढं बोलायला मला पाच महिने लागले होते. तिने मान वरसुद्धा केली नाही. आकडा टाकला आणि पुढचा प्रश्न विचारला, सिगारेट ओढता का.

हप्त्याचा मोठा भाग सरकार भरणार आहे. जो विमा मिळाला त्यात आपल्या खिशातून थोडं गेलं की पुढचं सगळं कंपनीचं. एक फेब्रुवारीपासून सुरू. चार तारखेला इंजेक्शन आहे.

घरी आल्यावर ईशिताला फोन केला. म्हटलं, बेटा, मी तुला खोटं सांगितलं होतं, आता दुसरीकडे जाऊन दुरुस्त केलं. ती म्हणाली, "काका, आम्हाला सप्टेंबरपासूनच माहीत होतं. आई म्हणाली, काकांना विचारू नकोस, त्यांना वाईट वाटेल." म्हणजे मी ज्यांच्यापासून लपवत होतो ते सगळे माझ्यापासून लपवत होते की त्यांना माहीत आहे. फॉर्मवर मी सांगितलेलंच लिहायचं, हे त्या पोरीचं काम. तिने दहादा विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं.

शुक्रवारी डॉक्टरांनी डोळे तपासले. ही एक तपासणी आम्ही खिशातून केली. उजवा डोळा इंजेक्शनांनी टिकेल म्हणाले. डाव्यातलं मधलं गेलं ते परत येणार नाही. सप्टेंबरपासून वेळेवर घेतली असती तर राहिलं असतं का, असं सुचेताने विचारलं. ते म्हणाले, बहुतेक.

तू लिहिलंस की उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मला दोन दिवस वाटलंही की देऊ नये. मला तुझा राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं दिसत नाही. तू सर्टिफिकेट घेतलंस याचा नाही. घेतलंस तेव्हा मला सांगितलं नाहीस याचा. आणि माझाही राग आहे, कारण मित्राच्या आड लपून मी तुझ्याकडे परवानगी मागत होतो आणि तू ती देशील अशी मनातून आशा करत होतो.

लहानपणापासून मला तुझ्यासारखं व्हायचं होतं. तू आधी खरं बोलली असतीस, तर तुझ्यासारखं व्हायला मला डोळा घालवावा लागला नसता.

तुझा,
राजू

ता. क. ताई, शेवटची दोन वाक्यं मी लिहिणार नव्हते. ते म्हणाले, "लिही. आता आमच्यात काही गाळायचं नाही." सुचेता